छोटं पाकीट

बीटी कापसाच्या बियाण्याच्या पिशवीत काही वर्षांपूर्वीपर्यंत दोन पाकिटं असायची. मोठ्यात ४५० ग्रॅम बीटी सरकी, छोट्यात १२० ग्रॅम नॉन-बीटी. छोट्या पाकिटातलं बियाणं शेताच्या कडेनं लावायचं, चारी बाजूंनी पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राचा २० टक्के भाग, जे जास्त भरेल ते, असा नियम होता. बदनापूर, अंबड, घनसावंगीकडं तो किती जणांनी पाळला हे बांधावर पडलेल्या पाकिटांनाच विचारावं. अळी खाणार हे आधीच ठाऊक असलेला कापूस मुद्दाम कोण लावील? काहींनी त्या बियाण्यानं नांग्या भरल्या, बहुतेकांनी पाकीट फोडलंसुद्धा नाही.

अँटिबायोटिक औषधं निकामी का होत चालली आहेत हे सांगायला मी कापसापासून निघालो, त्याला कारण आहे. हा विषय शहरी दवाखान्यातला, प्रयोगशाळेतला वाटतो. पण जालना जिल्ह्यातल्या शेतकऱ्यानं तो स्वतःच्या रानात, स्वतःच्या पैशानं शिकलेला आहे. फक्त तोच धडा आपल्या पोटातही चालू आहे, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.

आधी कापसाचं बघू. बीटीचा कापूस देशात आला २००२ साली, आणि तो आणणाऱ्या भागीदारीतली महिको ही कंपनी मूळची जालन्याची, बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये सुरू केलेली. बीटीच्या झाडात एक प्रथिन तयार होतं. ते अळीच्या आतड्यातल्या एका ठरावीक जागी जाऊन बसतं, जशी किल्ली कुलपात बसते, आणि आतड्याला भोकं पडून अळी मरते. पहिली काही वर्षं फवारणीचा खर्च वाचला, बोंडं भरली. पण लाखो अळ्यांत एखादी अशी निघते की जिचं कुलूपच जन्मतः थोडं वाकडं असतं. किल्ली बसत नाही, अळी जगते. एरवी अशा वाकड्या कुलपाचा तिला काही उपयोग नसतो. सगळं रान बीटीचं झालं, की मात्र तीच एक उरते.

छोट्या पाकिटाचं काम इथं होतं. कडेच्या नॉन-बीटी ओळींवर साध्या, बीटीनं मरणाऱ्या अळ्या वाढतात. त्यांचे पतंग होतात. बीटीच्या रानातून वाचलेल्या एखाद्या पतंगाला जोडीदार मिळतो तो या साध्यांपैकी, कारण त्यांची संख्या हजारपट असते. त्यांच्या पिल्लांत एक कुलूप वाकडं, एक सरळ, आणि एक जरी सरळ असलं तरी अळी मरते. म्हणजे कडेच्या पाच ओळींत शेतकरी पीक घेत नव्हता. तो औषधाला मरणाऱ्या अळ्या पाळत होता. बीटीची ताकद त्या अळ्यांच्या जिवावर टिकून होती.

ओळी लागल्या नाहीत. शिवाय वेचणी झाल्यावरही पाणी देऊन फरदड घेतली गेली, मार्चपर्यंत शिवारात हिरवी बोंडं राहिली आणि गुलाबी बोंडअळीला वर्षभर बीटीचीच शाळा मिळाली. पहिल्या बीटीला ती गुजरातेत २००९-१० च्या सुमारास दाद देईनाशी झाली. २००६ पासून दोन प्रथिनांचं दुसरं बीटी आलेलं होतं, तेही पुढं ढासळलं, आणि २०१७ च्या खरिपात मराठवाड्यात-विदर्भात काय झालं ते सांगायला नको. डोमकळ्या उमलल्याच नाहीत, बोंडं किडकी निघाली.

यातली एक बारीक गोष्ट मला फार मोलाची वाटते. हिरवी बोंडअळी, जिला अमेरिकन बोंडअळी म्हणतात, तीही बीटीवरच होती. ती मात्र गुलाबीसारखी हाताबाहेर गेली नाही. कारण ती तुरीवर जगते, हरभऱ्यावर जगते. आपल्याकडं कापसात तुरीचा पट्टा टाकायची जुनी रीत आहे. त्या तुरीनं छोट्या पाकिटाचं काम कुणी न सांगता केलं. गुलाबी अळीला कापसाशिवाय दुसरं फारसं काही लागत नाही, म्हणून तिला तुरीचा आसरा नव्हता.

आता रान बदलू. माणसाच्या आतड्यात अब्जावधी जंतू राहतात. बहुतेक निरुपद्रवी, बरेच उपकारक. अँटिबायोटिक म्हणजे या जंतूंना मारणारं किंवा त्यांची वाढ रोखणारं औषध. सर्दी, फ्लू, बहुतेक घसादुखी आणि बरेचसे जुलाब विषाणूंमुळं होतात. विषाणू हा वेगळाच प्रकार, त्याच्यावर हे औषध चालत नाही. तरीही ते घेतलं तर पोटात काय होतं? ज्याच्यासाठी घेतलं तो विषाणू आपल्या गतीनं पाच-सात दिवसांत जातो आणि श्रेय गोळीला मिळतं. पण गोळी रिकामी बसलेली नसते. तिनं आतड्यातले साधे जंतू मारलेले असतात आणि वाकड्या कुलपाचे मागं ठेवलेले असतात. सगळं रान बीटीचं, कडेची ओळ नाही.

लोक म्हणतात, "आता ह्या गोळीची अंगाला सवय झाली, लागू पडत नाही." इथं एक दुरुस्ती करायला हवी. सवय अंगाला होत नाही. अंग तेच असतं, जंतू बदललेले असतात. हा फरक शब्दांपुरता नाही. सवय अंगाला झाली असती तर ती एकट्याची भानगड राहिली असती. जंतू बदलला की तो घरातल्या लहान पोराकडं जातो, आणि आयुष्यात एकही गोळी न खाल्लेल्या त्या पोराला पहिलंच औषध लागू पडत नाही.

जंतूंचा वेग अळीच्या कितीतरी पुढचा आहे. ई. कोलाय हा आतड्यातला नेहमीचा जंतू घ्या. लघवीच्या मार्गाच्या जंतुसंसर्गाचं सगळ्यांत मोठं कारण हाच. भरपूर खायला आणि ऊब मिळाली तर तो दर वीस मिनिटांनी एकाचे दोन होतो. हिशोब मांडून बघा: तासाला तीन पिढ्या, दहा तासांत तीस. एका जंतूपासून रात्रीतून शंभर कोटींवर जंतू. कोटी-कोटींत एखादी चूक नक्कल करताना होते असं धरलं, तरी सकाळपर्यंत निरनिराळ्या चुका असलेले बरेच जंतू तयार झालेले असतात. बहुतेक चुका जंतूला मारकच. एखादी अशी निघते की औषध बसायची जागाच बदलते.

चुकीवर अवलंबून राहायचीही जंतूला गरज नाही, कारण त्याच्या हातात बोंडअळीकडं नसलेली युक्ती आहे. अळीची ताकद फक्त तिच्या पिल्लांना मिळते. जंतू ती शेजाऱ्याला देतो. मुख्य गुणसूत्राशिवाय जंतूच्या पोटात डीएनएची छोटी सुटी कडी असते, तिला प्लाझ्मिड म्हणतात. दोन जंतू एकमेकांना चिकटतात, मधे नळीसारखा पूल तयार होतो आणि कडीची नक्कल पलीकडं जाते. दोघं एका जातीचे असायला पाहिजेत असंही नाही. एकाच कडीवर चार-पाच औषधांचे तोडगे ओवलेले असू शकतात, म्हणजे एका औषधाच्या वापरानं बाकीच्या चारांचेही तोडगे पसरतात. शेजारच्या बांधावरून बियाण्याची मूठ मागून आणावी तसं हे चालतं. फक्त इथं मागायला कुणी जात नाही, आणि देणाराचं काही कमीही होत नाही.

तोडगे तसे मोजकेच आहेत. एक, औषध फोडून टाकणारं विकर, म्हणजे एन्झाइम, बनवायचं. पेनिसिलिनच्या कुळातली औषधं जंतूची भिंत रचणाऱ्या गवंड्याला पकडतात. हे विकर औषधालाच मधोमध तोडतं. दोन, आत आलेलं औषध पंपानं बाहेर उपसायचं. तीन, आत यायची भोकं लहान करायची. चार, औषध बसायची जागाच बदलायची, अळीनं केलं तसं. यातला पहिला तोडगा माणसानं औषध वापरायच्या आधीपासून आहे. पेनिसिलिन सर्रास वापरात येण्यापूर्वीच, १९४० साली, ते फोडणारं विकर सापडल्याचं अब्राहम आणि चेन यांनी लिहून ठेवलं होतं. तीस हजार वर्षं गोठलेल्या उत्तर ध्रुवाकडच्या जमिनीतही असे तोडगे सापडले आहेत. ते असणारच, कारण बरीचशी अँटिबायोटिकं मुळात मातीतल्या बुरशीनं आणि जंतूंनी एकमेकांशी भांडताना बनवलेली आहेत. आपण फक्त ती लढाई मातीतून उचलून घरोघरी नेली.

महाराष्ट्रात या लढाईची वाईट बातमी पहिल्यांदा नीट कळली ती मुंबईत. कार्बापेनेम हा औषधांचा गट, ज्यातलं मेरोपेनेम आयसीयूबाहेर थांबलेल्या अनेक कुटुंबांना बिलामुळं पाठ असतं, बाकी सगळं हरल्यावर वापरायचा. २००९ च्या उत्तरार्धात हिंदुजा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेनं या गटाला न जुमानणारे २४ जंतू-नमुने तपासले, त्यांतल्या २२ मध्ये एकच विकर निघालं, एनडीएम-१. नावातला 'एनडी' म्हणजे नवी दिल्ली. स्वीडनमधल्या एका भारतीय वंशाच्या रुग्णात ते आधी सापडलं होतं, त्याच्यावर त्यापूर्वी दिल्लीत उपचार झालेले होते म्हणून हे नाव. त्या नावावरून आपल्याकडं राग आला आणि देशाच्या बदनामीची चर्चा झाली. हिंदुजाचे आकडे तोवर छापून आलेले होते.

त्याच रुग्णालयातल्या डॉ. झरीर उडवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ च्या अखेरीस क्षयरोगाचे चार रुग्ण जगापुढं मांडले. त्यांच्या जंतूंवर तपासलेलं एकही औषध चालत नव्हतं. क्षयाचा जंतू सावकाश वाढतो, कडी देत-घेत नाही, त्याचा तोडगा चुकांतूनच निघतो. आणि चुकांना सगळ्यांत जास्त वाव मिळतो तो अर्धवट, चुकीच्या जोडीनं, मधेच सोडलेल्या उपचारात. क्षयाला चार औषधं एकदम देतात ती यासाठीच, की एकाला वाकडं कुलूप असलेला जंतू दुसऱ्यानं मरावा.

जगभरात जिवाणूंच्या या प्रतिकारामुळं थेट झालेले मृत्यू २०१९ मध्ये सुमारे १२ लाख ७० हजार होते, भारतातले त्यांपैकी जवळपास तीन लाख. हा अंदाज मोठ्या आंतरराष्ट्रीय गटानं काढलेला आहे, मोजून लिहिलेला नाही. आपल्याकडं मृत्यूच्या दाखल्यावर 'जंतूवर औषध चाललं नाही' असं कुणी लिहीत नाही.

मेडिकलच्या काउंटरवर येऊ. आठवडी बाजाराचा दिवस आहे. डोक्याला रुमाल बांधलेला माणूस म्हणतो, "भाऊ, दोन दिस झाले ताप-खोकला हाय, चांगली पॉवरची द्या." भाऊ कात्रीनं स्ट्रिप कापून तीन गोळ्या देतो. त्यात एक अँटिबायोटिक असते, बहुधा अझिथ्रोमायसिन. ही माझी पूर्वग्रहाची कल्पना नाही: २०१९ च्या खाजगी विक्रीच्या आकड्यांत देशात सगळ्यांत जास्त खपलेली अँटिबायोटिक गोळी अझिथ्रोमायसिन ५०० ही होती, दुसरी सेफिक्झिम २००. माणसाला दोष द्यायला जीभ वळत नाही. डॉक्टरची फी, तपासणी, आणि रोजंदारी बुडाली तर तिचे पैसे, असा सगळा हिशोब त्याच्या डोक्यात असतो. डॉक्टरचाही हिशोब असतो. पहिल्याच दिवशी गुण आला नाही तर पेशंट समोरच्या दवाखान्यात जातो, आणि गावभर होतं की याच्या हाताला गुण नाही. हातगुण टिकवायचा तर 'हायपॉवर' लिहिणं सोपं. आपल्याकडं अँटिबायोटिकच्या अतिवापराचं एक मोठं कारण हा हातगुण आहे, आणि कोणत्याही सरकारी परिपत्रकात तो सापडत नाही.

कायदा आहे. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय विकू नये हे जुनंच. १ मार्च २०१४ पासून त्यावर 'शेड्यूल एच१' आलं: ४६ औषधांची यादी, त्यांत वरच्या दर्जाची बरीच अँटिबायोटिकं. ती विकली की दुकानदारानं वेगळ्या रजिस्टरात डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव आणि किती दिली ते लिहायचं आणि रजिस्टर तीन वर्षं जपायचं. सेफिक्झिम या यादीत आहे. अझिथ्रोमायसिन नाही. म्हणजे सगळ्यांत जास्त खपणारी गोळी रजिस्टरच्या बाहेरच राहिली. २०१६ पासून गोळ्यांच्या पाकिटावरच्या उभ्या लाल रेघेचीही मोहीम निघाली, ती रेघ दिसली तर चिठ्ठीशिवाय घेऊ नका म्हणून. घरात असलेली अँटिबायोटिकची एखादी स्ट्रिप काढून बघा, रेघ सापडेल. तिचा अर्थ काय, हे घरातल्या दोघांना विचारून बघा.

'कोर्स पूर्ण करा' हा सल्ला सगळ्यांना पाठ असतो, आणि तोही आता जसाच्या तसा खरा राहिलेला नाही. क्षयाच्या बाबतीत तो शंभर टक्के खरा, सहा महिने म्हणजे सहा महिने. पण न्यूमोनिया, लघवीचा संसर्ग अशा कितीतरी आजारांत कमी दिवसांचा उपचार तेवढंच काम करतो असं गेल्या काही वर्षांतल्या चाचण्यांत दिसलं. गरजेपेक्षा लांबलेला कोर्स म्हणजे फरदडच: आजार गेला तरी आतड्यातल्या साध्या जंतूंवर औषधाचा मारा चालूच. किती दिवस ते डॉक्टरनं ठरवायचं, आपल्या मनानं तोडायचं नाही. पण 'जास्त दिवस म्हणजे जास्त चांगलं' हे डॉक्टरनंही सोडायला हवं.

दवाखान्याबाहेरचा एक रस्ता शेतातूनच जातो. जालन्याची मोसंबी सगळ्यांना माहीत आहे. लिंबूवर्गीय झाडांवर खैऱ्या पडला, डाळिंबावर तेल्या आला, कपाशीच्या पानांवर जिवाणूजन्य करपा दिसला, की कृषी सेवा केंद्रातून एक छोटी पुडी येते: स्ट्रेप्टोसायक्लिन. दहा लिटर पाण्यात एक ग्रॅम, सोबत कॉपर ऑक्सिक्लोराइड. त्या पुडीत नव्वद टक्के स्ट्रेप्टोमायसिन आणि दहा टक्के टेट्रासायक्लिन असतं. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावर चाललेलं जगातलं पहिलं औषध. आणि ही पुडी बनवत आली ती पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं उभा राहिलेला, पेनिसिलिन बनवणारा देशातला पहिला सरकारी कारखाना. माणसांना स्वस्तात पेनिसिलिन मिळावं म्हणून काढलेल्या कारखान्याचं नाव आज आपल्याकडं सगळ्यांत जास्त ओळखीचं आहे ते फवारणीच्या पंपाजवळ. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयानं हे मिश्रण शेतीतून टप्प्याटप्प्यानं काढून टाकायच्या आदेशाचा मसुदा काढला. फवाऱ्यातलं बरंचसं पानावर न राहता मातीत जातं, आणि प्लाझ्मिडची देवघेव फार जुन्या काळापासून जिथं चालते ती जागा माती आहे.

गोठ्यात कासदाह झाला, ज्याला दगडी म्हणतात, की सडात अँटिबायोटिकची नळी सोडतात. त्यानंतर ठरावीक दिवस ते दूध डेअरीला घालायचं नसतं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या देशव्यापी तपासणीत ६,४३२ दूध-नमुन्यांपैकी ७७ मध्ये मर्यादेपेक्षा जास्त अँटिबायोटिक निघालं. प्रमाण लहान आहे, घाबरायचं कारण नाही. कुक्कुटपालनात मात्र केंद्रानं २०१९ च्या जुलैत कडक पाऊल उचललं: कोलिस्टिन बंद. हे जुनं, मूत्रपिंडाला त्रास देणारं म्हणून माणसांत मागं पडलेलं औषध. मेरोपेनेम हरल्यावर डॉक्टरांना तेच परत काढावं लागलं, तेव्हा कळलं की कोंबड्यांना ते वाढीसाठी खाद्यातून दिलं जात होतं.

नवीन औषधं का निघत नाहीत, हा प्रश्न कुणीही विचारील. निघतात, आणि त्यातली काही जालन्याहून बसनं तासा-दीड तासाच्या अंतरावर निघाली. छत्रपती संभाजीनगरात शिरताना, जालना रोडवर चिकलठाणा एमआयडीसीत, वोक्हार्टचं संशोधन केंद्र आहे. इथं एमरॉक नावाचं औषध निघालं, त्याला देशात २०२० मध्ये परवानगी मिळाली. न्यूमोनियावरचं नाफिथ्रोमायसिन इथलंच, नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारनं ते देशी बनावटीचं नवं अँटिबायोटिक म्हणून जाहीर केलं: तीन दिवस, दिवसाला एक मात्रा. सरकारनंच सांगितलं त्याप्रमाणं त्यामागं चौदा वर्षं आणि सुमारे पाचशे कोटी रुपये गेले.

याच केंद्रातलं झिडेबॅक्टम मला कल्पनेच्या दृष्टीनं सगळ्यांत सुंदर वाटतं. एनडीएमसारखं विकर औषध फोडतं, म्हणून आजवरचे जोडीदार रेणू ते विकर अडवायचा प्रयत्न करायचे. झिडेबॅक्टम विकराच्या नादी लागत नाही. सेफेपाइम हे जुनं औषध भिंत रचणाऱ्या एका गवंड्याला पकडतं, झिडेबॅक्टम दुसऱ्याला. दोन गवंडी एकाच वेळी गेले की विकरानं अर्धं सेफेपाइम फोडलं तरी उरलेल्यावर काम भागतं. भिंत कोसळते.

पण औषध निघणं आणि औषध बनवणारा जगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवं अँटिबायोटिक निघालं की शहाणा डॉक्टर ते कपाटात ठेवतो, अगदी शेवटी वापरायचं म्हणून. म्हणजे जितकं चांगलं औषध, तितका कमी खप. अमेरिकेत अकाओजेन कंपनीच्या नव्या अँटिबायोटिकला जून २०१८ मध्ये मान्यता मिळाली आणि एप्रिल २०१९ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. रक्तदाबाची गोळी जन्मभर खपते. ही पाच दिवस.

म्हणून मला जास्त भरवसा वाटतो तो आजारच न होऊ देण्यावर. नवी मुंबई महापालिकेनं २०१८ मध्ये एक लाखाहून जास्त मुलांना विषमज्वराची नवी लस टोचली; सरकारी यंत्रणेनं ही लस मोहीम काढून देण्याची ती जगातली पहिलीच वेळ. विषमज्वराच्या जंतूवर एके काळची हुकमी गोळी, सिप्रोफ्लॉक्सासिन, आता बहुतेक ठिकाणी चालत नाही. ज्या मुलाला ताप आलाच नाही, त्याला गोळीच लागत नाही, ना बरोबर ना चूक. पाण्याचंही तेच. ज्या गावात नळाला रोज पाणी येत नाही तिथं पिंप-टाक्यांत साठवलेलं पाणी पितात, मग जुलाब, मग गोळी. ही साखळी पाण्याजवळ तुटते, मेडिकलजवळ नाही.

आणि आजार झालाच, तर अंदाजाऐवजी बघून औषध देणं. याला कल्चर-सेन्सिटिव्हिटी म्हणतात, आणि ते दिसायला फार सोपं आहे. लघवीचा थेंब ताटलीतल्या खळीसारख्या थरावर पसरतात. रात्रभर उबेत ठेवला की सकाळी जंतूंचे ठिपके दिसतात. एक ठिपका उचलून दुसऱ्या ताटलीभर सारवतात आणि त्यावर औषधांत भिजवलेल्या टिकल्या ठेवतात, कपाळाच्या टिकलीएवढ्या, प्रत्येकीवर वेगळ्या औषधाचं नाव. पुन्हा एक रात्र. सकाळी सगळी ताटली धुक्यासारखी पांढुरकी झालेली असते, पण काही टिकल्यांभोवती स्वच्छ गोल उरलेलं असतं. ते मिलिमीटरात मोजायचं. गोल मोठा, तर औषध चालतं. धुकं टिकलीला येऊन भिडलं, तर नाही. बस्स.

यात दोन-तीन दिवस जातात, आणि तेवढे दिवस रुग्णाला काहीतरी द्यावंच लागतं. क्षयापुरता हा वेळ वाचला आहे: गोव्यात बनणारं ट्रूनॅट यंत्र बेडक्यातला जंतू आणि मुख्य औषधाला त्याचा प्रतिकार काही तासांत सांगतं. बाकी आजारांत पहिलं औषध अंदाजाचंच. मग अंदाज चांगला कशानं होतो? कापसात तो कसा होतो ते आपल्याला ठाऊक आहे. रानात कामगंध सापळे लावतात. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले, तरच फवारणी. शेजाऱ्यानं फवारलं म्हणून नाही, दुकानदार म्हणाला म्हणून नाही.

जंतूंचा असा सापळा म्हणजे अँटिबायोग्राम. प्रयोगशाळेत वर्षभरात आलेल्या नमुन्यांचा तक्ता. एका जातीच्या जंतूचे निदान तीस रुग्णांचे नमुने जमल्याशिवाय टक्केवारी काढायची नाही असा संकेत आहे. मुंबईचा तक्ता जालन्याला चालत नाही, जसा मुंबईचा पाऊस चालत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये जालन्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं, आणि वैद्यकीय महाविद्यालय म्हटलं की सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग असावाच लागतो. मंठा, परतूर, भोकरदनच्या दवाखान्यांतून नमुने तिथवर गेले तर ताटल्या भरतील, गोल मोजले जातील आणि तीस-तीस करत जिल्ह्याचा तक्ता उभा राहील: डाव्या बाजूला जंतूंची नावं, वर औषधांची, चौकटींत टक्के. तालुक्याच्या डॉक्टरच्या टेबलावर काचेखाली मावेल एवढाच कागद, दर वर्षी बदलावा लागणारा.